कमानीऐवजी गटार

१९७८ साली हंबीरराव मंगळवार पेठेतून नगरसेवक झाले, तेव्हा गुलालानं त्यांची म्हैससुद्धा लाल झाली होती. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. आपल्या बोळाच्या तोंडाशी दगडी कमान उभी करायची, वर दोन सिंह आणि मधोमध वडिलांचं नाव.

पण त्याच वर्षी बोळात जमिनीखालून सांडपाण्याची लाइन टाकायची होती. तोवर उघडी गटारं होती आणि पावसाळ्यात ती घरात शिरायची. महापालिकेचे इंजिनिअर यज्ञेश्वर साहेब म्हणाले, "लहान पाइप आजच्या घरांपुरता चालेल. मोठा टाकला तर तुमच्या नातवंडांनाही पुरेल. पण मग कमानीला पैसे उरणार नाहीत."

"ल्हानच टाका की! जमिनीत पुरलेला पाइप कुणाला दिसतोय? कमान कशी, लांबनं दिसती!" हंबीरराव म्हणाले.

हंबीररावांच्या बायकोनं, बनाबाईंनी, आत चहा गाळता गाळता हे ऐकलं. दुपारी त्या बोळातल्या प्रत्येक घरी जाऊन आल्या.

रविवारी सकाळी हंबीरराव दारात खुर्च्या मांडून बसले होते. यज्ञेश्वर साहेबांसमोर कमानीचा नकाशा पसरला होता. एवढ्यात बोळात वरच्या अंगाला राहणाऱ्या बायडाबाईंनी धुण्याचं घमेलं गटारात उपडं केलं. पाठोपाठ शेजारचं, समोरचं, सगळ्याच घरांतलं पाणी एकदम आलं. गटार तुडुंब भरलं आणि फेसाळ पाणी थेट खुर्च्यांखाली आलं. साहेबांनी पाय वर घेतले. नकाशा खाली पडून तरंगत निघाला.

"आरं, काय चाललंय काय?" हंबीरराव ओरडले.

बनाबाई रिकामी बादली घेऊन उंबऱ्यात आल्या. "आज सगळ्यांनी एकदमच कापडं धुतली. ही आत्ताची घरं हाईत. उद्या पोरांची लग्नं व्हतील, वर माड्या चढतील. तवा पाणी कुठं जायाचं? आन् मामंजींचं नाव तुमी असल्या घाणीवर उभं करणार व्हय?"

हंबीररावांचा चेहरा पडला. वडिलांचं नाव निघालं की त्यांचं काही चालत नसे. त्यांनी वाहत्या नकाशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या भिजलेल्या धोतराकडे, आणि त्यांना हसूच फुटलं.

"साहेब, मोठा टाका. न्हायतर आमाला घरात जेवण मिळायचं न्हाय."

पुढं कितीतरी महिने बोळ खणलेला होता. लोक फळ्यांवरून तोल सावरत जात आणि हंबीररावांना शिव्या घालत. एकदा त्यांची म्हैसच चरात उतरली. तालमीतल्या पैलवानांनी दोर लावून ती वर काढली, तेव्हा अख्खी पेठ बघायला लोटली होती.

आषाढात झड लागली. एरवी बायडाबाई धान्याची पोती बाजेवर चढवायच्या. यंदा पोती जमिनीवरच राहिली, तरी टिपूस आत आला नाही. संध्याकाळी हंबीरराव छत्री घेऊन गटाराच्या लोखंडी झाकणापाशी गेले आणि वाकून कान लावला. खाली पाणी खळाळत धावत होतं.

"अगं, हिकडं ये की! ऐक तरी!"

भर बोळात नवऱ्याच्या छत्रीखाली वाकायला बनाबाई लाजल्या. पण गेल्या, आणि दोघं बराच वेळ ऐकत राहिले.