गाठ नसलेला चेंडू

फुटबॉलचं दालन सोमवारी उघडणार होतं, आणि शनिवारी दुपारी मावशी पहिल्याच काचेच्या पेटीसमोर स्टूल ओढून ठाण मांडून बसली.

पेटीत काळवंडलेला, पिचकलेला एक चामडी चेंडू होता. खाली पाटी होती : ‘आपल्या देशाचा पहिला गोल या चेंडूने झाला. बनावट परदेशी.’ पाटी तिच्याच भाचीने लिहिली होती. संग्रहालय तीच सांभाळायची.

“दुसरं वाक्य काढ,” मावशी म्हणाली. “हा बाबांनी शिवलाय.”

“मावशी, आजोबांची गोष्ट मला पाठ आहे. पाहुण्या संघाचा चेंडू मध्यंतराला फुटला, मग आजोबा दुकानातून आपला घेऊन धावले...”

“आणि त्यानेच गोल झाला. सहा खाल्ले, पण एक मारला!”

“वर्तमानपत्रात चेंडू बदलल्याचं अक्षरही नाही गं. घरातली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.”

मावशी भिंतींवरून नजर फिरवू लागली. बाबा खोगिरं शिवायचे, आणि चेंडूची गोष्ट सांगितली की अख्खी गल्ली त्यांना ‘थापाड्या’ म्हणायची. त्याच नावाने ते गेले. त्यांच्या दुकानाचा पुढे चेंडूंचा कारखाना झाला आणि मावशीने तिथे एक्कावन्न वर्षं चामडं शिवायची आरी चालवली. या भिंतींवर सगळं होतं. अनवाणी खेळणारा पहिला संघ, गिरणी कामगारांची लीग, लाकडी पायऱ्यांचं मैदान. बाबा मात्र कुठेच नव्हते.

“पेटी उघड,” ती म्हणाली. “मला आत बोट घालू दे.”

“आतून कबूतर काढणार की काय?” दारातला पहारेकरी हसला.

भाचीने मावशीला हातमोजे घालायला लावले. नाडी ओवायच्या चिरेतून मावशीचं बोट आत शिरलं, शिवणीवरून हळूहळू सरकलं आणि थांबलं.

“गाठ नाही.”

“म्हणजे?”

“चेंडू शिवणारे शिवण संपली की गाठ मारतात. खोगीरवाले मारत नाहीत. गाठ घोड्याच्या पाठीला घासते, जखम होते. ते शेवटच्या तीन भोकांतून दोरा उलटा परत आणतात आणि कापतात. बाबांचा हात खोगिरावर बसलेला. चेंडूलाही तेच केलं.”

“पण चेंडूला कुठली आली पाठ?” पहारेकऱ्याने विचारलं.

“तेच तर! चूकच ती. आम्ही सगळे त्यांच्याकडेच शिकलो, म्हणून कारखान्यात अजून तशीच चालते. तपासनीस बोंबलतो, दोरा वाया घालवता म्हणून.”

भाची मात्र हसली नाही. “त्या काळातले परदेशी चेंडूही असेच शिवलेले असतील तर?”

हा विचार तिने कधी केलाच नव्हता. तसं निघालं तर बाबा कायमचे थापाडे ठरणार होते, आणि तेही तिच्याच बोटाने.

भाचीने कोठीतून त्याच काळातले दोन परदेशी चेंडू आणले. बारीक दिवा आणि दंतवैद्याकडे असतो तसला आरसा आत घालून ती एकेक शिवण पाहू लागली. “गाठ,” ती म्हणाली. जरा वेळाने, “गाठ.” पहारेकरीही मान खुपसून मोजू लागला. दोन्ही चेंडूंत प्रत्येक शिवणीच्या टोकाला गाठ होती. मग तिने पेटीतला चेंडू घेतला. त्यात एकही गाठ नव्हती. प्रत्येक शिवण तीन भोकं मागे वळलेली.

आरसा खाली ठेवून भाची मावशीकडे वळली.

“आजोबा खरं बोलत होते.”

“मग? थापा मारायला त्यांना वेळ कुठे होता?” मावशी म्हणाली.

भाचीने पाटी काढली आणि नवी लिहायला घेतली : ‘बनावट याच गावची. खोगिराच्या दुकानात शिवलेला.’

“चूकही लिही,” मावशीने बजावलं. “तिच्यामुळेच ओळखला गेला.”

भाची लिहीत होती तोवर मावशी शेवटच्या भिंतीकडे गेली. तिथे विश्वचषकाला गेलेल्या मुलींच्या पहिल्या संघाचा फोटो होता. कप्तान चेंडूवर पाय ठेवून उभी होती.

“हा चेंडू आमच्या कारखान्यातला,” मावशी मोठ्याने म्हणाली. “यातही गाठ नाही.”

“पुरावा?” भाचीने मान वर न करता विचारलं.

मावशीने हातमोजा काढून तिला उजव्या हाताची बोटं दाखवली, आरीने घट्टे पडलेली.

“हा घे. मीच शिवलाय.”