पांघरुणाखालचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला टांगतात तो नव्हे, आणि टेबलावर बसून मान हलवतो तोही नव्हे. मी कॉम्प्युटरच्या पोटात बसतो. माझा आकार तळहाताएवढा, रंग काळा, आणि आवाज मात्र घरातल्या कुणाहीपेक्षा मोठा. घरात पारास्का आजी असूनही मी हे म्हणतो आहे, यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला वीज लावून पाहिलं, मी किंचाळलो, आणि तपासणाऱ्या बाईने समाधानाने मान डोलावली. तिथून माझी रवानगी एका कचेरीच्या यंत्रखोलीत झाली. तिथे भिंतभर कपाटं होती, कपाटांत कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाच्या पोटात माझे भाऊबंद. आम्ही सगळे मिळून असे ओरडायचो की आत येणारा माणूस कान झाकूनच यायचा. पण कुणी कधी नावं ठेवली नाहीत. उलट एकदा एका साहेबाने माझ्यासमोर हात धरला आणि तो म्हणाला, "वा! काय जोर आहे!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दुसरं मिळायला फार वर्षं लागली, म्हणून हे नीट लक्षात राहिलं.

पुढे ती कपाटंच भंगारात निघाली. मी कॅनडात, विनिपेग शहरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, टोपलीत येऊन पडलो. शेजारी एक मोडका टोस्टर होता. तो दिवसभर स्वतःबद्दलच बोलायचा, म्हणून त्याच्याविषयी मी इथे काही सांगणार नाही.

झेनियाने मला त्या टोपलीतून उचललं. झेनिया म्हणजे पारास्का आजीची नात. ती आजीआजोबांकडेच राहायची आणि दिसेल ते भंगार जोडून कॉम्प्युटर बनवायची. आजोबांचं नाव ओस्ताप, पण त्यांचं घर मूळचं युक्रेनी, तिथे आजोबांना गीदो म्हणतात. आजीला बाबा म्हणतात. तुमचा गोंधळ नको म्हणून मी आजीच म्हणेन.

पहिल्या दिवशी झेनियाने मला बसवलं, बटण दाबलं आणि मी मन लावून फिरू लागलो. स्वयंपाकघरातून गीदो धावत आले.

"झेनिया, हा कॉम्प्युटर आहे की बर्फ उडवायचं मशीन?"

"बर्फ उडवायचं मशीन निदान बर्फ तरी उडवतं," आजी मागून म्हणाली. "बंद कर त्या मेल्याला. माझं बोलणं मलाच ऐकू येत नाहीये."

"आजी, जोरदार पंखा आहे. आवाज तर करणारच."

"तुझे गीदोही आवाज करतात. जोर कुठे दिसतो?"

तेव्हापासून त्या घरात माझं नाव 'मेला' पडलं. मी चालू झालो की आजी आवाज चढवायची. आजीने आवाज चढवला की गीदो कानांतली ऐकायची यंत्रं काढून खिशात टाकायचे. मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरायची की चर्चमधल्या चित्रातल्या संतांनी हेवा करावा.

मित्रांनो, इथवरची गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढची जरा कमी आहे.

एका हिवाळ्यात आजीचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं सर्दी. सर्दी नव्हती. घशात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आजी घरी आली, कोट काढला आणि चुलीवर पाणी ठेवलं. गीदोंनी खिशातून कानांतली यंत्रं काढली, थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि कानांत घातली. त्यानंतर ती त्यांनी दिवसा कधीच काढली नाहीत.

झेनियाने मात्र एक मार्ग शोधला. तिच्याकडे एक प्रोग्रॅम होता. आजीने माइकसमोर बसून पुष्कळ वाक्यं वाचायची. कॉम्प्युटर ती ऐकून आजीचा आवाज शिकणार. मग ऑपरेशननंतर आजी जे टाइप करेल ते तिच्याच आवाजात ऐकू येणार. शिवाय वाचलेली वाक्यं बटण दाबलं की जशीच्या तशी वाजणार. हे सगळं ऑपरेशनच्या आधी पूर्ण व्हायला हवं होतं. आवाज नीट जमला नाही तर पुन्हा वाचायला आजीचा आवाज उरणार नव्हता.

आजी माइकसमोर बसली. पहिलं वाक्य वाचलं. पडद्यावर लाल फुली आली. प्रोग्रॅमचं म्हणणं, मागे फार आवाज आहे.

पुन्हा वाचलं. पुन्हा लाल फुली.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबू शकत नव्हतो. मी थांबलो की कॉम्प्युटर तापतो. मी आपला खाली मान घालून फिरत राहिलो, म्हणजे मान असती तर घातली असती.

"म्हटलं होतं ना," आजी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हा मेला मला एक दिवस गप्प करणार."

दुसऱ्या दिवशी शांत पंखा आला. कडा गुळगुळीत, रंग दुधाळ, वागणं अत्यंत सभ्य. तो इतका हळू फिरायचा की आपण चालू आहोत की बंद, हे त्याचं त्यालाही खात्रीने सांगता आलं नसतं. मला काढून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. विनिपेगमध्ये प्रत्येक घरात असे डबे असतात आणि त्यांत आइस्क्रीम सोडून सगळं असतं. माझ्या डब्यात स्क्रू, बटणं आणि एक सुकलेला लसूण होता. डबा त्याच खोलीतल्या फळीवर होता, म्हणून पुढचं मी ऐकलं.

वाचन सुरळीत सुरू झालं. हिरव्या खुणा येऊ लागल्या. पण आजीला वाक्यं पटत नव्हती.

"'माझा भाचा बासरी वाजवतो.' कोण भाचा? कुठली बासरी?"

"आजी, नुसतं वाच ना."

"मला उपयोगाचं काही वाचू दे." आणि तिने माइकमध्ये स्वतःची वाक्यं घातली. "ओस्ताप, बूट दारातच काढ. ओस्ताप, त्यात अजून मीठ नको. ओस्ताप, तू झोपलायस." गीदो शेजारी बसून प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणायचे आणि झेनियाला ते पुन्हा रेकॉर्ड करावं लागायचं.

शेवटी एकच वाक्य राहिलं. 'आज समुद्रकिनारी छान ऊन पडलं आहे.' त्यावर आजी अडून बसली.

"मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. जाता जाता खोटं कशाला बोलू?"

"जाता जाता म्हणू नकोस," गीदो म्हणाले.

 ते वाक्य पडद्यावर तसंच वाट बघत राहिलं. झेनियाने बाकीच्या वाक्यांवरून आवाज घडवायचं काम सुरू केलं.

आणि इथे शांत पंख्याची परीक्षा सुरू झाली. ऐकणं हे हलकं काम, आवाज घडवणं हे फार जड. कॉम्प्युटर तापला आणि आपोआप बंद पडला. झेनियाने पुन्हा चालू केला. पुन्हा बंद पडला. आजीला थंडी बाधू नये म्हणून घर भट्टीसारखं तापवलेलं. शांत पंखा बिचारा सभ्यपणे गरम हवाच ढवळत होता. तो वाईट नव्हता. ते काम त्याचं नव्हतं, एवढंच.

हे झालं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी. संध्याकाळी आजीला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. झेनियाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उणे तीस. मग डब्यात पाहिलं. डब्यात मी.

थोड्याच वेळात मी परत माझ्या जागी होतो आणि कॉम्प्युटर पुढच्या व्हरांड्यात होता. व्हरांड्याला काचा होत्या, पण हीटर नव्हता. झेनियाने माइकसुद्धा वायरीसकट तसाच उचलून बाहेर आणला आणि खुंटीला अडकवला. मग तिने एक धाडस केलं. तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय तिने काढून टाकली. "आता मध्येच थांबायचं नाही," ती मला म्हणाली. सगळी वाक्यं त्याच पेटीत होती. दुसरीकडे उतरवायला तिला सुचलंच नव्हतं.

मित्रांनो, थंडीने माझ्यातलं ग्रीस घट्ट झालं होतं. मी थरथरत, कण्हत, मग सगळा जोर लावून फिरू लागलो. ती थंड हवा मी अशी आत ओढली की काही विचारू नका. काम धडधडत पुढे सरकू लागलं. झेनिया आजीसाठी दवाखान्यात घालायच्या मऊ चपला आणायला बाहेर पडली.

आणि मग गीदो आले.

हातात फावडं, निघाले होते अंगणातला बर्फ काढायला. व्हरांड्यात पाहतात तो काय, एक पेटी कडाक्याच्या थंडीत थरथरते आहे आणि विव्हळते आहे. गीदोंचं अख्खं आयुष्य विनिपेगमध्ये गेलं होतं. तिथे बाहेर राहिलेल्या यंत्राचं काय करायचं, याचा त्यांना विचार करावा लागत नाही, हात आपोआप करतात. त्यांनी गाडीच्या बॉनेटवरची जाड गोधडी आणली.

"अरे अरे, किती कुडकुडतोयस," ते मायेने म्हणाले. "या पोरीला काही कळतच नाही."

त्यांनी मला चारी बाजूंनी गुंडाळलं. कडा खाली खोचल्या. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून दोन रबरी पट्टे आवळून आकड्यांनी अडकवले. वरून थोपटलं. आणि फावडं घेऊन घरामागे निघून गेले.

आयुष्यात माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती. त्या काळजीने माझा जीव चालला होता.

आत हवा यायची थांबली. मी माझीच गरम हवा गिळू लागलो. पेटी तापत गेली. बंद पडायची सोय नव्हती. आजीची सगळी वाक्यं, 'बूट दारातच काढ' सुद्धा, माझ्या शेजारच्या डबीत होती आणि ती डबी हात लावू नये इतकी गरम झाली होती. मला हात नाहीत, पाय नाहीत. मला फक्त ओरडता येतं. ज्याच्यासाठी मला घरभर शिव्या मिळाल्या, ते मी पूर्ण ताकदीने केलं.

आजी तेव्हा स्वयंपाकघरात पिरोग्या, म्हणजे बटाट्याच्या उकडायच्या करंज्या, भरत होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण आपल्यामागे ओस्तापच्या फ्रीजरचं काय, ही तिची काळजी. तिचे हात थांबले. इतकी वर्षं तिने मला शिव्या घातल्या होत्या, पण त्यासाठी मला ऐकलंही होतं. माझा आवाज बदलला होता. जाड झाला होता, दबला होता आणि वर वर चढत होता.

ती व्हरांड्यात आली. गोधडी पाहिली. पिठाच्या हातांनी तिने आकडे ओढायचा प्रयत्न केला. गीदोंनी तिथल्या बर्फाच्या वादळाच्या हिशेबाने ते आवळले होते. निसटत होते, निघत नव्हते. करपल्याचा वास येऊ लागला.

आजीला बोलायलाही जपून सांगितलं होतं. तिने बाहेरचं दार उघडलं, उणे तीसची हवा छातीत भरून घेतली आणि हाक मारली.

"ओस्ताप! काढ ते पांघरूण, गाढवा!"

मित्रांनो, मी यंत्रखोलीत राहिलो आहे, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. गल्लीतले कुत्रे गप्प झाले. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढलं, असं पुढे ऐकलं. आणि गीदो, ज्यांच्या कानांत यंत्रं होती, ते फावडं टाकून धावत आले, एका झटक्यात आकडे काढले आणि गोधडी फेकून दिली.

थंड हवा आत शिरली. मी घटाघटा प्यायलो.

आजी खाली बसली होती, घसा धरून. गीदो तिच्याजवळ गुडघ्यावर बसले.

"मला वाटलं, त्याला थंडी वाजतेय."

आजी हसली. मग तिने पिठाचा हात माझ्या पेटीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "ओरडलास म्हणून वाचलास, मेल्या."

हे माझं दुसरं कौतुक. पिठाचा तो हात पेटीवर अजूनही उमटलेला आहे.

झेनिया चपला घेऊन आली, गोधडी पाहिली, आणि तिचा चेहरा त्या पिठासारखा झाला. तिने एकेक वाक्य तपासलं. सगळी शाबूत होती. आजी दवाखान्यात निघायच्या आधी आवाजाचं काम संपलं. झेनियाने टाइप केलं आणि पेटी आजीच्या आवाजात म्हणाली, "चहा झाला का?"

"ही कोण बाई?" आजी म्हणाली. "मी इतकी गोड बोलते?"

"गोड नाही," गीदो म्हणाले. "पण तूच आहेस." आणि ते गाडी गरम करायला म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

तेवढ्यात झेनियाचं पडद्याकडे लक्ष गेलं. वाट बघत राहिलेल्या त्या शेवटच्या वाक्यापुढे हिरवी खूण होती. माइक खुंटीवर चालूच होता. आजीची हाक प्रोग्रॅमने ऐकली, मागून माझं किंचाळणं ऐकलं, आणि ज्याने मला नेहमी नापास केलं त्याच प्रोग्रॅमने हे सगळं 'आज समुद्रकिनारी छान ऊन पडलं आहे' म्हणून पास केलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आजी घरी आली, आवाजाशिवाय. झेनियाने कॉम्प्युटर आत आणला, शांत पंखा पुन्हा बसवला आणि मी डब्यात गेलो, लसणापाशी. घर शांत झालं. इतकं शांत की गीदोंना घड्याळ ऐकू येऊ लागलं. चारच दिवसांत ते झेनियाला म्हणाले, "ते बर्फ उडवायचं मशीन परत लाव. घरात कुणीतरी ओरडायला पाहिजे."

झेनियाने मला परत बसवलं आणि म्हणाली, "त्या शेवटच्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा आवाज तरी पुसून टाकते." आजीने जोरजोराने मान हलवली. मग टाइप केलं, आणि तिचा आवाज म्हणाला, "हात लावशील तर बघ."

मित्रांनो, तुम्ही पंखा घ्यायला जाल तेव्हा जरूर शांत घ्या. तो चांगला असतो. पण घरात एखादा गोंगाट करणारा असेल, तर त्याला डब्यात टाकण्याआधी त्याचा रोजचा आवाज एकदा नीट ऐकून ठेवा. म्हणजे तो बदलला की तुम्हाला कळेल. आणि कितीही माया वाटली तरी त्याचं तोंड झाकू नका.

आता मी कोपऱ्यात फिरत असतो. आजीच्या मांडीवर तिची पाटीसारखी छोटी पेटी असते. गीदो बर्फ काढून येतात आणि विसरून बूट घालूनच स्वयंपाकघरात शिरतात. त्यासाठी वेगळं वाक्य आहे, त्याचं बटण आहे. आजी ते दाबत नाही. तिचं बोट शांतपणे यादीत खाली जातं, अगदी शेवटच्या बटणाशी, समुद्रकिनाऱ्याच्या.

आणि आम्ही दोघं मिळून हाक मारतो.