पाटी नसलेला

मित्रांनो, मी एक म्हातारा उंदीर आहे. ‘जुना’ म्हणणार होतो, पण जुन्याला भाव असतो. प्राणिसंग्रहालयात एका दुर्मीळ माकडिणीच्या खोलीत, नळाच्या पाइपामागे माझा जन्म झाला. तेव्हापासून मी तिच्यावर जळतो आहे.

ती शिंकली की डॉक्टरबाई धावत येतात. मी शिंकलो तर आधी कोणी ऐकलं नाही ना, ते बघावं लागतं. थंडीत तिला हीटर, पपई सोलून, बिया काढून. शेपूट दोघांनाही आहे. तिची दिसली की मुलं टाळ्या पिटतात, माझी दिसली की त्यांच्या आया बाकावर चढतात. त्यात दारावर तिच्या नावाची ही मोठी पाटी: ‘ही माकडं जगात फार थोडी उरली आहेत.’ आमचं खटलं मोजायला बसाल तर मोजता मोजता म्हातारे व्हाल. पण पाटी? नाव काढू नका. त्या पाटीचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा.

मग तिचा जोडीदार गेला आणि तिने अन्न सोडलं. मला काय, आयती पपई मिळाली. एका दुपारी मी तिच्या ताटात बसून खात होतो, तेवढ्यात तिने हात पुढे केला. आता आपलं काही खरं नाही, असं वाटलं. तिने माझ्या पुढ्यातली फोड उचलली आणि माझ्याकडे बघत सावकाश खाल्ली. पुढे रोज तसंच होऊ लागलं.

एकदा काचेतून डॉक्टरबाईंनी मला पाहिलं. “काका, उंदीर झालेत इथे. आजच सापळा लावा.”

तिला खाऊपिऊ घालणारे काका म्हणाले, “राहू द्या, मॅडम. तो ताटाशी बसला की ही खाते. एकटी असली की तोंड फिरवते.”

“अहो, पण उंदीर तो.”

“माझे आजोबा सांगायचे, ही माकडंही एकेकाळी उंदरांसारखीच चिक्कार होती. शेतात घुसली की दगड मारून हाकलायची. कोण मोजत बसतंय, म्हणायचे.”

डॉक्टरबाईंनी दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली. सापळा काही आला नाही.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, हेवा अजून वाटतो. सोललेली पपई ती सोललेलीच. पण पाटी आता मला नको. ती कशी मिळते, ते कळलं आहे. तुमच्या अवतीभवती जे चिक्कार आहे, त्याच्याकडेही जरा मायेने बघत जा. त्याच्या दारावर पाटी लागायची वाट बघू नका.