एकाच भरतीची मोजणी

कंपाउंडरांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. चौतीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या खिडकीतून गोळ्या मोजून दिल्या, पाच-पाचचे ढीग करून, आणि एक गोळी कधी इकडची तिकडे झाली नाही. हे लोकांना सांगायचं काम अर्थात ते स्वतःच करत. दुसरा नाद होता पाखरांचा. पावसाळा उतरणीला लागला की उत्तरेकडून थवेच्या थवे खाडीकाठच्या खाजणात उतरत, आठ-दहा दिवस चिखलात लांब चोची खुपसून पोटं भरत आणि पुढे दक्षिणेला निघून जात. कंपाउंडर ती पाखरं मोजत. बायको म्हणायची, "घरात माणसं दोन, त्यातलं एक हयात आहे की नाही याची चौकशी नाही, आणि निघाले पाखरं मोजायला!" कंपाउंडर हसायचे, दुर्बीण गळ्यात अडकवायचे आणि सायकल काढायचे.

अशा बावीस वर्षांच्या बावीस वह्या कपाटात होत्या, आणि आकडा दरवर्षी दहा-अकरा हजारांच्या घरात.

आता झालं असं, की त्याच खाजणावर भराव घालून गोदामं बांधायचं घाटत होतं. आरडाओरडा झाला, अर्ज झाले, शेवटी समिती नेमली गेली. समितीचा नियम सरळ होता: एका भरतीला दहा हजार पाखरं उतरत असतील तर खाजणाला हात लावायचा नाही; नसतील तर भराव. लोकांनी कंपाउंडरांच्या वह्या समितीपुढे ठेवल्या. समिती म्हणाली, उत्तम, पण एकदा आमच्या माणसासमोर मोजून दाखवा. कंपाउंडर चार दिवस छाती काढून फिरत होते.

मोजायची वेळ भरतीची. ओहोटीला पाखरं मैलभर चिखलात विखुरलेली असतात, कुणाची टाप आहे मोजायची? पाणी चढलं की मात्र ती कोरडी जागा धरून तळ्यांच्या काठावर दाटीनं उभी राहतात. अशी तळी दोन, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि मध्ये माणूस बुडेल एवढं उंच लव्हाळं. कंपाउंडर आधी उत्तरेचं तळं मोजत, मग बांधावरून पंधरा मिनिटं सायकल हाणत दक्षिणेला जात, तिथलं मोजत आणि बेरीज मांडत. डोक्यावरून थवे जाताना दिसले की मनात म्हणत, वा, समुद्रावरून अजून येतायत!

त्यांची भाची गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती दरवर्षी म्हणायची, "मामा, एका तळ्यावर मी उभी राहते ना." हे म्हणायचे, "दोन मोजणारे आले की दोन आकडे आले आणि भांडण आलं. तू आपली वर्गातली पोरं मोज."

यंदा मात्र त्यांचं काही चाललं नाही. समितीची अधिकारी आली ती तिशीची, गुडघाभर बूट घातलेली, बोलायला गोड पण कामाला पक्की. "काका, दोन तळी, दोन माणसं, वेळ एकच," ती म्हणाली. कंपाउंडरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बावीस वर्षं काय गोट्या खेळत होतो? पण भाचीनं सायकल घेतली आणि ती दक्षिणेकडे गेलीसुद्धा.

सकाळी पावणेदहाला पाणी चढलं. उत्तरेच्या तळ्याचा काठ पाखरांनी करडा झाला. कंपाउंडरांनी दुर्बीण लावली आणि मोजायला लागले. आधी पाच, मग पाचाचे पन्नास, मग पन्नासाच्या ठोकळ्यांनी सगळा काठ. अधिकारी शेजारी उभी राहून आपलं वेगळं मोजत होती. दोघांचं जुळलं: पाच हजार चारशेच्या आसपास.

"निम्मं तर इथंच झालं," कंपाउंडर खुशीत म्हणाले आणि त्यांनी भाचीला फोन लावला. "हं, बोल, तुझे किती?"

"मामा, इथं काहीच नाही. तीन बगळे आहेत."

"नीट बघ गं. पलीकडच्या काठाला बघ."

"सगळीकडे बघितलं. तीनच बगळे."

कंपाउंडरांना राग आला. एक काम सांगितलं तर तेही धड नाही! तेवढ्यात पाणी आणखी वीतभर चढलं. काठावरच्या पाखरांचे पाय बुडाले, कलकलाट झाला आणि अख्खा थवा एकदम उठला. एक गिरकी घेऊन लव्हाळ्यावरून पलीकडे गेला. फोन अजून कानालाच होता.

"आले!" भाची ओरडली. "मामा, आले! बाप रे, पाच हजार तरी असतील! झालं ना आपलं काम?" मग तिचा आवाज उतरला. "मामा, तुझ्याकडे किती उरलेत?"

कंपाउंडरांच्या समोर नुसतं पाणी होतं. बावीस वर्षं ते त्या बांधावरून सायकल हाणत होते, आणि त्यांनी आत्ताच मोजलेली पाखरं त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याआधी पुढे जाऊन बसत होती. एकच थवा. दरवर्षी दोनदा मोजलेला. एकदा, फक्त एकदा मागे वळून उत्तरेचं तळं बघितलं असतं तर! पण झालेलं काम पुन्हा कोण बघतो? निदान कंपाउंडर तरी बघत नसत.

‘तीनच बगळे’ एवढं ऐकून अधिकारी थवा उठण्याआधीच कागद काढायला गाडीकडे गेली होती. फोनमधून भाचीचा आवाज आला, हलका, घाईघाईचा. "मामा, तिला कळलं का?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तुला हात जोडते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बरं," कंपाउंडर म्हणाले. आणि खरंच त्यांनी गप्प बसायचं ठरवलं होतं.

अधिकारी परत आली. तिचाही चेहरा पडला होता, पण ती धीर द्यायला लागली. "काका, जीवाला लावून घेऊ नका. यंदा पाखरं कमी आली, होतं असं. मागच्या पाच वर्षांची सरासरी धरायची सोय आहे आणि तुमचे आकडे भक्कम आहेत. खाजण वाचेल. फक्त इथं सही करा, आधीच्या मोजण्याही अशाच, दोन्ही तळ्यांवर एकाच वेळी झाल्या म्हणून."

तिनं पेन पुढे केलं. कंपाउंडरांनी ते घेतलं, कागद गुडघ्यावर धरला. ते काही हरिश्चंद्राचे अवतार नव्हते. खोटं बोलायची त्यांना भीती नव्हती. पण चुकीच्या आकड्याखाली सही करायची सवय त्या हाताला नव्हती. पेन टेकलं ते टेकलेलंच राहिलं.

"मॅडम, मी एकटाच होतो," ते म्हणाले. "आधी हे तळं, मग ते. तीच पाखरं दोनदा मोजली मी. दरवर्षी."

अधिकारी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"कळतंय मला."

तिनं कागद परत घेतला आणि उभ्या उभ्या दुसरा लिहिला. त्यावर पाच हजार चारशे हा एकच आकडा होता. कंपाउंडरांनी सही केली. बावीस वर्षांतला त्यांचा पहिला बरोबर आकडा, आणि त्यानं खाजण गेलं.

भाची आली ती धापा टाकत. तिला काही विचारावं लागलं नाही. गाडी निघून गेलेली दिसली आणि मामाचं तोंड दिसलं. सायकल तिनं तिथंच आडवी टाकली. "खरं बोलून काय मिळवलंस रे?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "कुणाचं भलं झालं? त्या पाखरांचं?"

"कुणाचंच नाही," कंपाउंडर म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी बांधावर बसली. पाणी उतरायला लागलं होतं. खालचा चिखल उघडा पडत होता आणि पाखरं लव्हाळ्यावरून परत येऊन त्यात पसरत होती.

"भराव कधी सुरू होणार?"

"पुढच्या महिन्यात. वर्षभरात पुरा करणार म्हणे."

"मग पुढच्या वर्षी ही येणार नाहीत?"

"न यायला काय झालं? त्यांना कोण सांगणार? हजारो मैल उपाशी येतील आणि इथंच येतील."

"आणि उतरणार कुठं?"

कंपाउंडरांनी दुर्बीण गळ्यातून काढून तिच्या मांडीवर ठेवली. "फिरतील वरच्या वर," ते म्हणाले. "दमेपर्यंत फिरतील."