जुन्या जागेची नोंद

एके काळी खरे असलेले ज्ञान पुन्हा न तपासता त्याच्या बळावर दुसऱ्याला दोषी ठरवणे, हा अज्ञानाहूनही मोठा दोष होय. अज्ञानी मनुष्य निदान विचारतो तरी.

१९९८ सालची गोष्ट. जळगावातील एका डाळमिलमध्ये खंडेनवमीला कार्यालयातील संगणकही पाने-हातोड्यांच्या पंक्तीत मांडून पूजले गेले. परत ठेवताना मालक रतिलालशेठ म्हणाले, "कमलबाईंचा खिडकीशी ठेवा, उजेड आहे." तिथवर नवी वायर रहीमने टाकली. रहीम मिलचा वायरमन. बोलणे थोडके, काम नेटके.

दसरा सरला. काम सुरू झाले, पण हिशेब ठेवणाऱ्या कमलबाईंच्या संगणकावर वजनकाट्यावरची वजने येईनात. धुळ्याहून लीलाधर आले. सगळे संगणक जोडणारी स्विच नावाची पेटी त्यांनीच बसवली होती. खिडकीकडच्या वायरीचा दिवा पेटीवर नीट तेवत होता. तरीही नवी वायर पाहताच त्यांचा निर्णय झाला. अंगणात, हमालांच्या देखत, ते गरजले, "भंगारातली वायर घातलीस, रहीम?"

"भाऊ, दुसरा संगणक लावून तर बघा."

"आता तू मला शिकवणार?"

शेठ म्हणाले, "काढून घे ती वायर. उद्यापासून येऊ नकोस." रहीम खाली मान घालून शिडी आणायला गेला.

वायरीचा दोष शेठना बोलावून दाखवावा म्हणून आधी लीलाधरांनी दुसरा संगणक तिला जोडला. वजने झरझर उमटली.

लीलाधर खुर्चीत बसले. त्यांनी पेटीतील नोंदींचा तक्ता पडद्यावर उघडला. कोणता संगणक कोणत्या खोबणीला आहे, हे पेटी स्वतः शिकते आणि जुने झालेले थोड्या वेळात विसरते. परंतु आपली व्यवस्था कधी हलू नये, या अभिमानाने लीलाधरांनीच कमलबाईंच्या संगणकाची नोंद कायमची करून ठेवली होती. नवी वायर दुसऱ्या खोबणीत होती, पण वजने अजूनही जुन्या खोबणीकडे जात होती; तिथे घेणारे कोणी नव्हते. त्यांनी ती नोंद पुसली आणि कमलबाईंचा संगणक पुन्हा वायरीला जोडला. कमलबाईंच्या पडद्यावर आकडे आले.

"काय व्हतं, भाऊ?" कमलबाईंनी विचारले.

"काही नाही. पेटीत थोडा बदल केला."

"म्हणजे वायर चांगली शे?"

लीलाधरांनी होकारार्थी मान हलवली. वर पाहवेना.

"मग मघाशी तुमचा आवाज पार गोदामात ऐकू येत व्हता. आता घशात अडकला का?"

लीलाधर बाहेर आले. रहीम शिडीवर चढून भिंतीतले वायरीचे खिळे उपटत होता. हमाल पोत्यांवर टेकले होते. लीलाधर त्याच अंगणात मोठ्याने म्हणाले, "वायर चांगली आहे. चूक माझी होती. मी न तपासता बोललो."

रहीम खाली उतरला नाही. "शेठना बी सांगा, भाऊ. माझं काम गेलं ते त्यांच्या तोंडून."

लीलाधर गेले, आणि शेठना घेऊन आले. सगळे ऐकून शेठ शिडीपाशी आले. "राहू दे वायर," ते म्हणाले. "आणि तूही राहा, रहीम."

उपटलेले खिळे रहीम एकेक करून पुन्हा ठोकू लागला. लीलाधरांनी पुढे होऊन शिडी धरली.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे मन हळूहळू निवळो. ज्याच्या हातून झाला त्याची लाज त्याला सावध ठेवो. उभयतांचे कल्याण असो.