तिरकी विहीर

१९८३ साली अलकनंदा शिरसाट दिल्लीतल्या एका सरकारी तेल कार्यालयात ड्राफ्ट्समन होती. बाईमाणसासाठी त्या पदाला वेगळं नाव द्यावं, असं कोणाला सुचलं नव्हतं. गाझियाबादहून सकाळची शटल गाडी पकडून ती यायची आणि भूवैज्ञानिक विलास टिपणीस यांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे शाईने उतरवायची.

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर समुद्राखालच्या एका चुनखडकाच्या थराचा नकाशा होता. कोणत्या विहिरीत तो थर किती जाड लागला त्याचे आकडे, आणि सारखी जाडी जोडत गेलेल्या रेषा. थर जिथे फुगलेला, तिथे तेल असणार, असा टिपणीसांचा होरा. चार नंबरच्या विहिरीत जाडी एकशेवीस मीटर होती, बाकी ठिकाणी ऐंशी ते शंभर. म्हणून चारच्या शेजारी दोन विहिरी खोदल्या. दोन्हींत थर पातळ लागला, तेलाचा थेंब नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा भाग सोडून द्यायचं ठरणार होतं.

चारचा आकडा लिहिताना अलकनंदाचा हात थांबला. त्या विहिरीचा उभा छेद महिन्यापूर्वी तिनेच काढला होता. विहीर सरळ नव्हती. त्या थरातून ती चांगली पंचेचाळीस अंश कलून गेली होती.

ती टिपणीसांकडे गेली. "सर, चारची जाडी तिरक्या विहिरीच्या लांबीवर मोजलीय."

"मग?"

"पाव तिरका कापला की काप लांब निघतो, म्हणून पाव काही जाड होत नाही. थर आडवा आहे. खरी जाडी पंच्याऐंशी भरते."

"शिरसाटबाई, हा आकडा दोन वर्षं सगळे वापरतायत."

"हो सर. तीन नकाशांवर मीच लिहिलाय."

टिपणीसांनी फाईल ओढली, दोनदा हिशेब केला. त्यांचे कान लाल झाले. "अच्छा," ते म्हणाले, "चला, रेषा नव्याने काढू."

चारजवळचा फुगवटा नाहीसा झाला. सगळ्या रेषांवरचे आकडे आता ईशान्येकडे, दोन नंबरच्या विहिरीपलीकडे चढत होते. तिथे अजून कोणीच खोदलं नव्हतं.

मीटिंगमध्ये मुख्य अधिकारी माथुर यांनी विचारलं, "ये किसने पकडा?"

"शिरसाट मॅडमने," टिपणीस म्हणाले. "मैं चूक गया था."

तिला आत बोलावलं. पावाचं उदाहरण तिने पुन्हा सांगितलं, न अडखळता. माथुरांनी नव्या रेषांवरून ईशान्येपर्यंत बोट फिरवलं. "ठीक है. एक और खोदेंगे."

पाच महिन्यांनी नव्या विहिरीवरून टेलेक्स आला. टिपणीस कागद नाचवत कॉरिडॉरमधून धावतच आले. "एकशेअडतीस मीटर! आणि तेल, शिरसाटबाई, तेल!"

सगळी खोली तिच्या टेबलाभोवती जमली. नव्या विहिरीच्या जागी नकाशावर नुसतं पोकळ वर्तुळ होतं; तेल लागलं की ते काळं भरायचं, असा रिवाज. तिने पेन काळ्या शाईने भरलं आणि सगळ्यांसमोर, अजिबात घाई न करता, ते वर्तुळ काठोकाठ भरून टाकलं.