किल्ल्यांची अदलाबदल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा एक नियम आहे. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. कुलपाला किल्ली एकच, आणि ती ज्याची त्याच्याच खिशात. माणूस शाफ्टमध्ये उतरलेला असताना वर कुणी स्विच चालू करू नये, एवढ्यासाठी.

मास्तर आणि काडी सहा वर्षं जोडीने काम करत होते आणि एकाच भाड्याच्या खोलीत राहत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ल्या बदलल्या. कल्पना काडीची. "माझा जीव तुझ्याकडे, तुझा माझ्याकडे," असं म्हणून तो स्वतःच लाजला होता. अंगठ्या घालता येणार नव्हत्या. हे खपून जात होतं. काम संपलं की एकाने दुसऱ्याचं कुलूप काढायचं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी बारा मजली इमारतीच्या माथ्यावरच्या मशीनखोलीत दोघांचं सकाळपासून वाजलं होतं. पाच वाजता काडीच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घरी त्याला बघायला मुलीकडचे येणार होते.

"नुसतं बघायला येतायत रे."

"हो का? मग ताईने हॉलची चौकशी कशाला केलीय?"

"काय करू मी? ताईला जाऊन सांगू?"

"सांगू नकोस. नाही म्हण, बस."

"कारणं संपली, मास्तर. एकीची उंची झाली, एकीची नोकरी झाली. पुढच्या महिन्यात छत्तिसावं लागतंय मला. भावजी तोंडावर विचारतात, तुझ्यातच काही खोट आहे का म्हणून."

बारा वाजता भावजींनी खालून हॉर्न धरला. मास्तरने काडीचं कुलूप उघडलं आणि त्याच्या हातात आपटलं. "निघा, नवरदेव." काडी मागे न बघता गेला. मास्तरच्या कुलपाची किल्ली काडीकडेच राहिली. रागाच्या भरात दोघांनाही ते सुचलं नाही.

तीन वाजता काम संपवून मास्तर आपल्या कुलपाशी आला तेव्हा त्याला किल्ली आठवली. काडीचा फोन बंद होता. थोड्या वेळाने सुपरवायझर बारा मजले चढून वर आला.

"लिफ्ट का चालू नाही? किल्ली कुठाय?"

"काडीकडे गेली. चुकून."

"आणि ही?" मास्तरच्या पट्ट्याला शिवलेल्या दोरीच्या टोकाला किल्ली लोंबत होती. सुपरवायझरने ती उलटी केली. तिच्यावर काडीच्या कुलपाचा नंबर होता. दोरी वापरून वापरून काळी पडली होती. "एक किल्ली चुकते, मास्तर. दोन चुकत नाहीत."

कुलूप कापायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. सुपरवायझरने काडीच्या फॉर्मवरचा ताईचा नंबर लावला. चार वाजता काडी आला, इस्त्रीच्या शर्टात. मागून ताई आणि भावजी, धापा टाकत.

काडीने किल्ली मशीनवर ठेवली. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. "मला रिपोर्टमध्ये एक ओळ लिहायचीय फक्त," तो म्हणाला. "किल्ल्या बदलल्या का?"

भावजींनी काडीकडे पाहिलं, मग मास्तरकडे, मग पुन्हा काडीकडे.

मास्तरला वाटलं, आता बोलून टाकावं. पाहुणे परत जातील. उद्याचं उद्या. त्याने तोंड उघडलं.

"त्यानेच घेतली माझी," काडी म्हणाला. "जबरदस्तीने. किती वर्षं मागे लागलाय माझ्या." त्याचा आवाज चिरकला. "लाजेपायी कुणाला बोललो नाही मी."

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

"मास्तर?" सुपरवायझरचं पेन थांबलं. "खरंय हे? बघ, नोकरी जाईल. दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही."

काडी भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. आपण 'नाही' म्हटलं तर हा माणूस आजची रात्र काढणार नाही, हे मास्तरला त्या शिरेवरून कळलं.

"खरंय," तो म्हणाला आणि सही केली.

काडी रडायला लागला. ताईने त्याला जवळ घेतलं. "सुटलास रे बाबा. आधी का नाही सांगितलंस?"

"तरीच!" भावजी म्हणाले. "तरीच हा लग्नाचं नाव काढू देत नव्हता." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

ताई मास्तरकडे वळली. "याचं सामान आम्ही आजच नेणार. तुम्ही तेव्हा खोलीवर थांबू नका."

"नाही थांबत. पण त्यालाच पाठवा. कपडे एकाच कपाटात आहेत. कुठला कुणाचा, मलाही आता सांगता यायचं नाही."

भावजींनी मान वर केली. काडीचं रडणं मध्येच थांबलं.

"लाँड्रीत एकत्र द्यायचो," मास्तर घाईघाईने म्हणाला. "स्वस्त पडतं म्हणून."

भावजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला. पाहुणे पोचतील इतक्यात."

जिन्याकडे सगळ्यांत आधी काडी निघाला.